शांतीच्या राज्यातलं साहस: ख्रिस्ती साहसकादंबरी, पहिल्या कल्पनेपासून छापील प्रतीपर्यंत

तलवारी मोडून फाळ झाले, भाल्यांच्या कोयत्या झाल्या, युद्धकला शिकवणंच बंद झालं. मग गोष्टीत घडणार तरी काय? भविष्यातल्या शांत जगावर साहसकथा लिहायला बसलेला प्रत्येक जण इथं अडतो, आणि बरीच हस्तलिखितं इथंच बिघडतात. लेखक दोन प्रकरणं शांत जग रंगवतो, मग त्याला वाटतं की वाचक कंटाळेल, आणि तिसऱ्या प्रकरणात कुठल्याशा तळघरातून बंदुका घेतलेली एक गुप्त टोळी बाहेर येते. तिथून पुढची गोष्ट कुठल्याही काळातली, कुठल्याही देशातली असू शकते. तलवारींचे फाळ होतील हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन पहिल्या पानापुरतं उरतं.

शांतीच्या राज्यात साहस भरपूर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शांती आली म्हणजे सगळी कामं संपली असं शास्त्र कुठंच म्हणत नाही. उलट संदेष्ट्यांनी त्या काळाची चित्रं काढताना त्यात ओसाड नगरं, खारी दलदल, न पडलेला पाऊस आणि न पुरलेली हाडं ठेवली आहेत. आपली कादंबरी तिथून उभी राहते. सोलापुरात बसून लिहिणाऱ्याला तर हे जास्त सोपं जावं, कारण पाणी, अंतर आणि ऊन ही संकटं आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाहीत.

आधी काळ ठरवा

‘शांत भविष्य’ म्हणजे नेमकं कधीचं? शास्त्रात निदान दोन चित्रं आहेत. ती एकमेकांत मिसळली, की जाणकार वाचक पहिल्या वीस पानांतच पुस्तक मिटतो. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, त्याच्या २०व्या अध्यायात हजार वर्षांचं राज्य आहे. सैतान बांधलेला आहे, पण राष्ट्रं आहेत, आणि शेवटी तो थोडा काळ सुटल्यावर त्याला फसणारी माणसंही आहेत. यशया ६५:२० मध्ये शंभराव्या वर्षी मरणारा तरुण समजला जाईल असं आहे, म्हणजे त्या चित्रात आयुष्य लांबलंय, पण मरण गेलेलं नाही. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात मात्र मरण नाही, शोक नाही, समुद्रसुद्धा नाही.

मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, यावर एकमत नाही. कोणी हजार वर्षं अक्षरशः धरतात आणि प्रभू येशूच्या पुन्हा येण्यानंतर ठेवतात. कोणी ती मंडळीच्या आजच्या काळाचं प्रतीक मानतात. सुवार्तेच्या प्रभावानं जग हळूहळू शांतीकडे जाईल असं मानणारेही आहेत. यशयाच्या त्याच ६५व्या अध्यायात १७व्या वचनात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, त्यामुळे २०व्या वचनातल्या मरणाशी त्याचा मेळ कसा घालायचा यावर विद्वानांत चर्चा होत आली आहे. तुम्हाला हा वाद मिटवायचा नाही. एक बाजू धरायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही, एवढंच. आपल्या पाळकसाहेबांशी तासभर बसून बोला. त्यांचं मत वेगळं निघालं तरी चालेल, पण वाचक कुठं बोट ठेवेल ते आधी कळतं.

साहसकथेसाठी मी हजार वर्षांचा किंवा त्याच्या आसपासचा काळ सुचवेन. मरणच नसलेल्या जगात विहिरीच्या काठावरून पाय घसरला तर वाचकाच्या काळजात धस्स होत नाही. शिवाय लांब आयुष्यामुळे एक मोठी सोय होते. एकशे तीस वर्षांची आजी आणि बारा वर्षांचा पणतू एकाच अंगणात. आजीनं शेवटचं युद्ध पाहिलंय, पणतूला युद्ध हा शब्द समजावून सांगावा लागतो. जखऱ्या ८:४-५ मध्ये हेच चित्र आहे: हातात काठी घेऊन रस्त्यात बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि त्याच रस्त्यात खेळणारी पोरं.

काळ ठरला की एका कागदावर त्या जगाचे नियम लिहा आणि तो कागद भिंतीला चिकटवा. माणूस कशानं मरतो? साप चावतो की नाही? (यशया ११:८ धरलंत तर नाही, आणि मग गोष्टीत कुठंही सर्पदंश चालणार नाही.) पैसा आहे का? वीज कशावर चालते? रेल्वे आहे का, आणि सोलापूर स्टेशनवर गाडी थांबते का? प्रभू येशू जिथून राज्य करतात त्या यरुशलेमहून आज्ञा येतात त्या कशा येतात, कोण आणतं? मंडळी कुठं जमते, कोणती गीतं गाते?

त्या कागदावर सगळ्यात वर एक प्रश्न लिहा: प्रभू येशू या कादंबरीत प्रत्यक्ष दिसणार का? माझं मत स्पष्ट आहे. दिसू नयेत. शुभवर्तमानात नसलेली वाक्यं त्यांच्या तोंडी घालणं हे ओझं कादंबरीकारानं उचलू नये. यरुशलेम दूर ठेवा. तिथून आलेलं पत्र, तिथून परतलेला वाटसरू, त्याच्या चेहऱ्यावरचा फरक, एवढ्यानं राजाचं अस्तित्व जास्त जाणवतं.

संकट शास्त्रातूनच काढा

या कामाला घाई करू नका. पूर्ण कादंबरीचं बळ इथं ठरतं. वही घेऊन संदेष्ट्यांची पुस्तकं पुन्हा वाचा, पण या वेळी आशीर्वादांच्या ओळी सोडून अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींवर खूण करा.

यहेज्केल ४७ घ्या. मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेलं पाणी आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं होतं, आणि शेवटी पार करता येणार नाही अशी नदी होते. ती जाईल तिथं जीवन येतं, मासे येतात, कोळी जाळी वाळवतात. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ११वं वचन सांगतं की दलदलीच्या जागा बऱ्या होणार नाहीत, त्या मिठासाठी ठेवल्या जातील. म्हणजे शांतीच्या नकाशावरही पाय रुततील अशा जागा आहेत. तिथं मीठ काढायला कोण जातं? तिथं वाट चुकलेल्याला कोण शोधतं? एक अख्खी कादंबरी त्या एका वचनात आहे.

यहेज्केल ३९ मध्ये युद्ध संपल्यावर सात वर्षं शस्त्रं जाळण्याचं काम चालतं आणि मेलेल्यांना पुरायला सात महिने लागतात. त्यासाठी नेमलेली माणसं देशभर फिरतात, आणि कोणाला माणसाचं हाड दिसलं तर तो त्याच्या शेजारी खूण उभी करतो, पुरणारे येईपर्यंत. हा मजकूर इस्राएल देशाबद्दल आहे आणि तो तिथलाच ठेवावा. पण जगभर युद्ध झालं असेल तर जगभर अशी कामं निघतील, अशी कल्पना कादंबरीकार करू शकतो. प्रस्तावनेत दोन ओळींत तसं सांगून टाका. खूण लावत फिरणारी तरुण मुलामुलींची तुकडी, त्यांना सापडलेलं एक नाव नसलेलं ओळखपत्र, आणि ते कोणाचं हे माहीत असून गप्प बसलेलं गावातलं एक वृद्ध माणूस. इथं एकही शत्रू नाही, तरी वाचक पान उलटत राहतो.

यशया १९:२३ मध्ये मिसर ते आश्शूर असा राजमार्ग आहे, शत्रू देशांना जोडणारा. तो कोणीतरी बांधला असेल ना? यशया ६१:४ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या ओसाड पडलेली नगरं पुन्हा उभारायची आहेत. पडक्या इमारतीत शिरणं, जुनी भुयारं, कोसळणारं छप्पर, विझलेल्या यंत्रांचे गंजलेले सांगाडे. साहसाला आणखी काय लागतं?

आणि जखऱ्या १४:१६-१८. राष्ट्रांनी दरवर्षी मांडवांचा सण पाळायला वर यावं, आणि जे कुळ येणार नाही त्याच्यावर पाऊस पडणार नाही. सोलापूरच्या माणसाला हे वचन वाचून अंगावर काटा येतो. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून दिवस काढले, त्यांची मुलं-नातवंडं आपले वाचक आहेत. कल्पना करा: एका गावाच्या प्रमुखानं सणाला जायचं नाकारलं. आकाश कोरडं. त्या गावातली एक मुलगी ठरवते की गावाच्या वतीनं मी जाणार. तिच्या जाण्यानं पाऊस पडेल का, की प्रमुखाचं मन वळल्याशिवाय नाही? हा नैतिक पेच आहे, आणि त्यात हजारो मैलांचा प्रवासही आहे. फक्त एक काळजी घ्या. प्रत्यक्षात पडलेल्या दुष्काळाला कोणाच्या पापाची शिक्षा ठरवणारं एकही वाक्य पुस्तकात येऊ देऊ नका. ते वचन त्या राज्याबद्दल आहे. ज्याच्या घरातली जनावरं छावणीत मेली, त्याला ते वाक्य आयुष्यभर टोचत राहील.

कथानकाची बांधणी शिकायला प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वा पुरेसा आहे. जहाजावर २७६ माणसं, वादळ चौदा रात्री चाललेलं. खलाशी शिसं टाकून खोली मोजतात: वीस वाव, थोडं पुढं गेल्यावर पंधरा. खडकावर आपटू या भीतीनं मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट पाहतात. काही खलाशी गुपचूप पळायला होडी सोडतात, शिपाई दोर कापतात. पुढं शिपाई कैद्यांना मारायचा बेत करतात, तो शताधिपतीमुळे टळतो. पण मूळ धोका समुद्राचा आणि घाबरलेल्या मनांचा आहे, कोण्या खलनायकाचा नाही. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावा लागतो, वेळ कमी होत जातो, आणि आकडा बदलला की वाचकाचा श्वास अडकतो. ‘वीस वाव, पंधरा वाव’ ही युक्ती तुमच्या प्रत्येक मोठ्या प्रसंगात वापरता येईल.

या अध्यायातली आणखी एक गोष्ट ख्रिस्ती लेखकानं मनावर कोरून ठेवावी. जहाजावर कैदी असलेल्या प्रेषित पौलाला देवदूत येऊन सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही. वचन मिळालं. तरी जहाज फुटतंच, आणि लोक कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे किनाऱ्याला लागतात. म्हणजे प्रार्थनेचं उत्तर आलं म्हणून माणसाचे हात रिकामे झाले नाहीत. पात्रानं डोळे मिटून प्रार्थना केली आणि पुढच्या ओळीत पूर ओसरला, असं लिहिलं की विश्वास वाढत नाही, प्रसंग मात्र मरतो. उत्तर येऊ द्या, पण फळी धरायला लावा.

जागा: सोलापूर कोरा कागद नाही

भविष्यातलं जग म्हणजे काचेचे मनोरे आणि उडत्या गाड्या, ही सवय सोडून द्या. ओळखीची जागा पुढच्या काळात नेली की वाचक स्वतःहून मदत करतो. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरूख, इंग्रजांच्या काळात १८७१ मध्ये पुरा झाला. मातीचा बांध आहे. नान्नजचं माळरान माळढोकासाठी राखलेलं, आणि तो पक्षी आज जवळजवळ नाहीसा झालाय. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालते. शांतीच्या राज्यात माळढोक परत आलाय, आणि तुमचा नायक त्या एका अंड्यासाठी रात्रभर पहारा देतोय, असा प्रसंग लिहून बघा. उजनीच्या पाण्याखाली गेलेली जुनी गावं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येणारे देवळांचे कळस, भुईकोट किल्ला, पूर्व भागातले माग. रणगाड्याच्या पोलादाचे मागाचे धोटे आणि नक्षी विणणाऱ्या जकार्डचे सांगाडे झाले, हे सोलापूरचं यशया २:४ आहे.

धाडस म्हणजे कोणाला तरी हरवणं, ही समजूत मोडायला सोलापूरकडे स्वतःचं उदाहरण आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. हातात शस्त्रक्रियेची सुरी. तुमचा नायक त्या जातीचा असावा.

आता एक परिच्छेद जवळून पाहू. पहिल्या मसुद्यात साधारण असं येतं:

‘अचानक अंधारातून काळ्या कपड्यातला माणूस पुढं आला. त्याच्या हातात पिस्तूल होतं. पण डेव्हिड मुळीच घाबरला नाही, कारण देव त्याच्याबरोबर आहे हे त्याला माहीत होतं.’

माणूस कोण, माहीत नाही. जागा कुठली, माहीत नाही. आणि भीती वाटतच नसेल तर धैर्य कशाचं? याच जागी दुसरा धोका आणू. मातीच्या बांधातून पाणी झिरपणं नवं नाही. झिरपणारं पाणी नितळ असेल तर नजर ठेवून थांबता येतं. ते गढूळ झालं, म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली. आणि अशी जागा नुसती बुजवायची नसते. बुजवली तर पाणी दुसरीकडून फुटतं. तिच्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर रचायचे, म्हणजे पाणी बाहेर पडतं आणि माती आत राहते. एवढं माहीत असलं की परिच्छेद आपोआप बदलतो:

‘दयानं ओंजळ भरून कंदिलाजवळ धरली. संध्याकाळी याच पाण्यात तिला हाताच्या रेषा दिसल्या होत्या. आता दिसत नव्हत्या.

“आज्जी, गढूळ आलंय.”

आज्जी बांधाच्या पायथ्याशी काठी टेकून उभी होती. “किती वेळ झाला?”

“भाकऱ्या खाल्ल्या तवा नितळ होतं की.”

“मग चिखल लावून बुजवू नकोस. वाळू आण. मोईनला हाक मार, गाडी जुंपायला सांग. आणि पोरी, देवाला सांगायचं ते जाता जाता सांग. इथं थांबून नको.”’

बंदूक नाही, तरी वेळ संपत चाललाय हे कळतं. आज्जीचं ज्ञान आणि विश्वास एकाच वाक्यात येतो. मोईनच्या नावानं न सांगता कळतं की गाव कसं आहे. असा एक परिच्छेद जमला की त्याच्या सुरात पुढची पन्नास पानं लिहिता येतात. तांत्रिक माहिती मात्र खरी हवी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, माग चालवणारे, शेळ्या राखणारे यांच्याजवळ जाऊन बसा. माणसं आपल्या कामाबद्दल आनंदानं सांगतात.

माणसं आणि त्यांची बोली

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच रिक्षात ऐकू येतात. ‘काय करायलायस बे?’ हे वाक्य कादंबरीत आलं की वाचक घरी पोचतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा जुना मार्ग अजूनही चांगला. फक्त बोली विनोदी पात्रापुरती ठेवू नका. कादंबरीतलं सगळ्यात शहाणं माणूस सोलापुरीच बोलू द्या.

नायक-नायिकांची नावं आपल्या मंडळीच्या हजेरीपटात असतात तशी असावीत: दया, शांतवन, सॅम्युएल, रूथ. सगळेच डेव्हिड आणि मायकल झाले की पुस्तक दुसऱ्या भाषेतून आणल्यासारखं वाटतं. मोठ्यांना बोलताना ‘पाळकसाहेब’, ‘बाई’, ‘मामा’, ‘आत्या’ हेच येऊ द्या.

बिगर-ख्रिस्ती पात्रांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. आपल्या शेजारी लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, वारीला जाणारे आहेत. त्यांना कादंबरीत दुष्ट म्हणून आणू नका. शेवटच्या प्रकरणात बाप्तिस्मा घेण्यापुरतंही आणू नका. त्यांना स्वतःचं मन, स्वतःचं शौर्य, स्वतःचे प्रश्न द्या. तुमचा विश्वास तुम्ही लपवू नका, पण तो पात्राच्या वागण्यातून दिसू द्या. मीखा ४:४ मध्ये प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली बसतो आणि कोणी त्याला घाबरवत नाही. तुमचं पुस्तक हातात घेतलेल्या शेजाऱ्यालाही तसंच बसता आलं पाहिजे.

लिहिण्याचा आराखडा

दहा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी पंचवीस-तीस हजार शब्द पुरतात. तरुण-प्रौढांसाठी चाळीस ते पन्नास हजार. चाळीस हजार धरले तर दोन हजार शब्दांची वीस प्रकरणं. प्रत्येक प्रकरणासाठी तीन ओळी आधी लिहा: इथं कोणाला काय हवंय, काय आडवं येतं, आणि प्रकरण संपताना आधीपेक्षा काय बदललेलं असतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते प्रकरण लिहू नका.

मोबाइलवर बोलून टंकन होतं आणि पहिल्या मसुद्याला ते चालतं, पण विरामचिन्हं नंतर हातानं घालावी लागतात. फाइल सुरुवातीपासून युनिकोडमध्येच ठेवा.

मसुदा झाल्यावर मोठ्यानं वाचा, आणि शक्य असेल तर शब्बाथ शाळेतल्या (चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या) मोठ्या मुलांसमोर एखादं प्रकरण वाचा. मुलं कुठं चुळबुळ करतात ती ओळ पेन्सिलीनं खुणावून ठेवा. मोठी माणसं सौजन्यानं ‘छान आहे’ म्हणतात, मुलं तसं करत नाहीत. त्यानंतर तीन वाचक निवडा: शास्त्र जाणणारा एक, साहसकथा भराभर वाचणारा एक, आणि ख्रिस्ती नसलेला एक. तिसऱ्याला विचारा की कुठं आपण बाहेरचे आहोत असं वाटलं. त्याचं उत्तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

या वाटेवर आपण पहिले नाही. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये लिहिलेली कादंबरी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, आणि ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासूनचं. विज्ञानकथेसाठी जयंत नारळीकर आणि मुलांच्या साहसकथांसाठी भा. रा. भागवत वाचा. वाक्य किती छोटं ठेवता येतं ते तिथं कळतं.

शास्त्रवचनं आणि हक्क

बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या मराठी पवित्र शास्त्राच्या मजकुराचे हक्क सोसायटीकडे आहेत. एखाद-दुसरं वचन संदर्भासह देणं वेगळं, पण प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लांब उतारा द्यायचा असेल तर बंगळुरूच्या कार्यालयाला लिहून परवानगी घ्या आणि ती पुस्तकात नोंदवा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या भाषांतराचा पर्याय आहे. त्या १९२२ मध्ये वारल्या, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर आता हक्क नाहीत. तिची मराठी साधी आहे, कादंबरीत शोभते. उपासनेतल्या गीतांचंही असंच: जुनी गीतं मोकळी असतात, नव्या गीतकारांना विचारावं लागतं.

तुमच्या स्वतःच्या लेखनावर हक्क लिहिताक्षणीच तयार होतो. १९५७च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते.

छापणं

पुस्तकाआधी एक-दोन प्रकरणं स्वतंत्र कथा म्हणून ‘निरोप्या’सारख्या ख्रिस्ती नियतकालिकांना किंवा दिवाळी अंकांना पाठवा. ‘प्रतिलिपि’वर क्रमशः टाकलं तर वाचक कुठं गळतात ते दिसतं. पण प्रकाशकाकडे जायचा विचार असेल तर सगळी कादंबरी मोफत टाकू नका.

प्रकाशकाशी करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या: किती प्रतींची आवृत्ती, मानधन किती टक्के आणि कधी, आणि ई-पुस्तक व ऑडिओचे हक्क कोणाकडे. पैसे लेखकानंच भरायचे असतील तर ते स्वखर्चानं छापणंच आहे. मग सरळ स्वतः छापा, हिशेब तरी आपल्या हातात राहतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. पुस्तक छापण्याआधी तिची जाहिरात पाहून अर्ज करा.

स्वतः छापताना फॉर्म्याचा हिशेब समजून घ्या. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्मा. चाळीस हजार शब्द साधारण १५० ते १६० पानांत बसतात, म्हणजे दहा फॉर्मे. मजकूर १६३ पानांवर गेला तर अकरावा फॉर्मा सुरू होतो आणि बहुतेक कोरा जातो, म्हणून तीन पानं कापा किंवा शब्दार्थ-नकाशा घालून तो भरा. कागद ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ जाड आर्ट कार्ड. शे-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या पुढं ऑफसेट. दोन मुद्रणालयांकडून दर घ्या. अक्षरजुळणी, कागद, छपाई आणि बांधणी वेगवेगळी लिहून मागा.

अक्षरजुळणीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या टंकांत, काम चालतं, आणि युनिकोडमधून तिथं जाताना जोडाक्षरं तुटतात. आपल्या पुस्तकात तर ‘जखऱ्या’, ‘यहेज्केल’, ‘आश्शूर’, ‘ख्रिस्त’ पानोपानी. प्रुफात हे चार शब्द आधी शोधा. ते नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले असतील तर टंक बदलायला सांगा. शेवटचं प्रूफ कागदावर वाचा, पडद्यावर नको, आणि लेखकाखेरीज आणखी एका माणसानं वाचलेलं असू द्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवरून मोफत मिळतो. लेखक-प्रकाशकालाही मिळतो. छपाईच्या बरंच आधी अर्ज करा, कारण क्रमांक मलपृष्ठावर जायचा असतो. छापील पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही. ई-पुस्तकासाठी किंडलवर मराठी चालतं. मागणीनुसार छपाई हवी असेल तर पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेस आहेत.

मुखपृष्ठाला शिकारी डोळे, ज्वाळा, तुटलेली पृथ्वी नको. माळरान, बांध, लांबवर एक कंदील पुरे. चित्रकाराला प्रकरण वाचायला द्या.

विक्रीचा काळ ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत. कापणीच्या सणात टेबल मांडायची परवानगी मागा. शब्बाथ शाळांना वार्षिक बक्षिसांसाठी पुस्तकं लागतात आणि मराठीत नवं फार थोडं मिळतं, म्हणून त्यांना दहा प्रतींचा संच सवलतीत द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक वाचनालयात एक प्रत स्वतः नेऊन द्या, म्हणजे मंडळीबाहेरचा वाचकही मिळतो.

१९५४च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालात तर हे काम तुमचंच. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. जुळणीची मूळ फाइल आणि पीडीएफ मुद्रणालयाकडून त्याच आठवड्यात मागून घ्या, आणि वाचकांनी दाखवलेल्या चुका तिच्यात लगेच दुरुस्त करत चला, म्हणजे दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की छपाईला नुसती फाइल धाडायची राहते.